पाथर्डी तालुक्याच्या विशेष संदर्भात

गेल्या शुक्रवारी ऑफिसातून निघालो तो थेट वाकडेवाडीचा स्टँड गाठला आणि पाथर्डीची एसटी पकडली. नगर (आता अहिल्यानगर, पण कंडक्टर अजून 'नगर'च ओरडतो) मागे पडलं, करंजी घाट झाला आणि तिसगावच्या आसपास जाग आली. घरी पोचलो तेव्हा पहाट व्हायची होती. बघतो तर वहिनी लॅपटॉप उघडून बसलेल्या. मला वाटलं, माझ्यासाठीच जाग्या आहेत. कसलं काय!

"भाऊजी, पेपर परत आला. दुसऱ्यांदा."

वहिनी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवतात आणि गेली काही वर्षं मॅनेजमेंटमध्ये पीएच.डी. करतायत. विषय ऊसतोड कामगारांचा. पेपर एका परदेशी जर्नलला पाठवला होता. परीक्षकाचं म्हणणं थोडक्यात असं, की माहिती मेहनतीने गोळा केलेली दिसते, पण ह्यात सैद्धांतिक योगदान नाही.

मी हसलो. खरं सांगतो, हसलोच. म्हटलं, "वहिनी, थिअरी काय, कुठलीही लावून टाका एक. आम्ही नाही का डॉक्युमेंटच्या सुरुवातीला आर्किटेक्चरची आकृती चिकटवत? नंतर तिच्याकडे कोणी बघत नाही."

वहिनी हसल्या नाहीत. "तेच केलं होतं," म्हणाल्या.

त्या एका वाक्यामुळे माझा अख्खा वीकेंड गेला, आणि हा लेखही त्यातूनच निघाला.

पेपरचं नाव होतं 'ऊसतोड कामगारांच्या भरती व व्यवस्थापन पद्धतींचा अभ्यास : पाथर्डी तालुक्याच्या विशेष संदर्भात'. हे शेवटचे चार शब्द तुमच्याही ओळखीचे असतील. विद्यापीठाच्या लायब्ररीत मॅनेजमेंटच्या प्रबंधांच्या कपाटापुढे उभं राहून बघा. अमुक एक अभ्यास, नगर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात. तमुक एक अभ्यास, पुणे शहराच्या विशेष संदर्भात. आत साधारण तोच साचा: दुसऱ्या प्रकरणात परदेशी सिद्धांत, तिसऱ्यात प्रश्नावली, चौथ्यात टक्केवारीचे तक्ते आणि काय-वर्ग चाचणी, पाचव्यात शिफारशी. सरकारने लक्ष द्यावे, कामगारांमध्ये जागृती करावी, इत्यादी.

ह्यात लिहिणाऱ्यांचा आळस आहे असं मला वाटत नाही. वहिनींनी कोप्यांवर जाऊन फॉर्म भरून घेतलेत, तेही थंडीत, संध्याकाळी फड सुटल्यावर. पण गाईडकडून जे शिकायला मिळतं तेच माणूस करतो, आणि बढतीच्या कागदांवर पेपरची संख्या मोजतात, त्यातलं म्हणणं नाही.

शनिवारी सकाळी वहिनींनी मला एक जुना लेख वाचायला दिला. डेव्हिड व्हेटन नावाच्या प्राध्यापकाने १९८९ मध्ये 'अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट रिव्ह्यू' ह्या जर्नलचा संपादक असताना लिहिलेला. जेमतेम सहा पानं. विषय हाच: सैद्धांतिक योगदान म्हणजे नक्की काय? मला वाटलं होतं, डोक्यावरून जाणार. पण माणूस सरळ बोलतो. तो म्हणतो, सिद्धांताला काही भाग असतात. 'काय', म्हणजे कुठल्या गोष्टी विचारात घेतल्या. 'कसं', म्हणजे त्यांचा एकमेकींशी संबंध कसा. 'का', म्हणजे हा संबंध असाच का असावा. आणि शेवटी 'कोण, कुठे, कधी', म्हणजे हे सगळं कुठवर लागू पडतं त्याची हद्द. पहिल्या दोघांनी फक्त वर्णन होतं, खुलासा 'का' मधूनच मिळतो. आणि जुनं मॉडेल नव्या ठिकाणी नेऊन लावलं आणि ते अपेक्षेप्रमाणे चाललं, तर एवढ्याने सिद्धांतात काही भर पडत नाही. नव्या ठिकाणी वापरल्यामुळे खुद्द सिद्धांताबद्दल काहीतरी नवं कळलं पाहिजे.

हे वाचलं आणि माझी ट्यूब पेटली. अहो, हे तर आमचंच रोजचं भांडण! टेस्टर म्हणतो, चालत नाही. डेव्हलपर म्हणतो, माझ्या मशीनवर चालतंय. आता समजा एखाद्याने तोच कोड पाथर्डीच्या मशीनवर चालवला आणि 'चालला' एवढाच रिपोर्ट दिला, तर कोण वाचणार? पण 'इथे पडला, ह्या ओळीवर पडला, कारण लिहिणाऱ्याने अमुक एक गोष्ट गृहीत धरली होती जी इथे खरी नाही' असा रिपोर्ट आला, तर कोड लिहिणारा बॉस्टनला बसलेला असला तरी खुर्ची सरसावून बसतो. 'विशेष संदर्भ' म्हणजे पत्ता नव्हे. कोड नेमका इथेच का पडला, ह्याचं कारण त्या संदर्भात असायला हवं.

१९९५ मध्ये रॉबर्ट सटन आणि बॅरी स्टॉ ह्या दोघांनी 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सायन्स क्वार्टर्ली'त ह्याहून कडक यादी दिली. संदर्भांची जंत्री, आकडे, चलांच्या याद्या, आकृत्या आणि गृहीतकं ह्या पाचांपैकी काहीही म्हणजे सिद्धांत नव्हे. वहिनींच्या पेपरात ही पाचही होती. त्याच अंकात कार्ल वाइक ह्यांचं थोडं मायेचं उत्तर आहे. ही पाच म्हणजे सिद्धांत नसेल, पण सिद्धांताकडे जाणाऱ्या वाटेवरचे थांबे असू शकतात. वहिनींना हा वाइक फार आवडतो, आणि का आवडतो ते मला समजू शकतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकन प्राध्यापकांचं आपापसातलं. आपल्या मातीतून असं काही झालंय का? झालंय, आणि तेही उसातूनच.

आपला जिल्हा साखरेचा. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी उभा केलेला प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० पासूनचा, आणि धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ त्याचा पहिला अध्यक्ष. आमच्या पाथर्डी तालुक्यात आदिनाथनगरला वृद्धेश्वर कारखाना. बा. स. बाविस्करांनी कोपरगावच्या कारखान्याचं राजकारण जवळून पाहून १९८० मध्ये पुस्तक काढलं. आणि ह्या कारखान्यांबद्दल चहाच्या टपरीवरचा सिद्धांत सगळ्यांना पाठ असतो: संचालक खातात म्हणून उसाला भाव मिळत नाही.

२००१ मध्ये अभिजित बॅनर्जी (२०१९ च्या नोबेलचे मानकरी), दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज रे ह्या चौघांनी 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी'त महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांवर पेपर लिहिला. त्यांचा प्रश्न टपरीवरच्यापेक्षा एक पायरी खालचा होता. संचालक मोठे बागाईतदार असतील तर त्यांचाही ऊस त्याच कारखान्यात जातो. मग भाव पाडून ते स्वतःचंच नुकसान का करून घेतील? उत्तर असं: लहान सभासदाच्या खिशातून सरळ पैसे काढून घेता येत नाहीत. पण सगळ्यांचाच भाव पाडला की कारखान्यात पैसा शिल्लक राहतो, आणि त्या शिलकीवर ताबा मोठ्यांचा. भावात जे गेलं ते दुसऱ्या वाटेने परत येतं, वर लहानांचंही येतं. आता हे खरं असेल तर एक गोष्ट दिसली पाहिजे. जिथे सभासदांच्या जमिनींमध्ये लहान-मोठ्याची तफावत जास्त, तिथे भाव कमी. त्यांनी जवळजवळ शंभर कारखान्यांची १९७१ ते १९९३ ची आकडेवारी लावून पाहिली, आणि आकडे त्यांच्या बाजूने गेले.

हा पेपर अर्थशास्त्राचा आहे, मॅनेजमेंटचा नाही, हे मान्य. पण टपरी आणि सिद्धांत ह्यांच्यातला फरक मला त्यातून जितका कळला तितका कुठल्याही व्याख्येतून कळला नव्हता. 'संचालक खातात' हे वाक्य कधी चूक ठरूच शकत नाही, कारण त्यातून पुढे काहीच निघत नाही. ह्या चौघांचं म्हणणं चूक ठरू शकलं असतं, आणि म्हणूनच ते खरं निघाल्याला अर्थ आहे. पेपरात महाराष्ट्र आहे, पण 'विशेष संदर्भ' म्हणून नाही. सभासदांची एवढी सरमिसळ असलेले आणि तरी एकाच साच्याचे इतके कारखाने तपासायला इथे मिळतात, म्हणून आहे.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी वहिनींना विचारलं, "तुम्ही कुठली थिअरी लावली होती?"

"एजन्सी थिअरी."

जेन्सन आणि मेकलिंगची, १९७६ ची. मालक काम दुसऱ्याला सोपवतो. त्या दुसऱ्याचं हित मालकाच्या हिताशी जुळेलच असं नाही. म्हणून देखरेख ठेवावी लागते, आणि देखरेखीला पैसे पडतात. वहिनींनी कारखान्याला मालक, मुकादमाला एजंट केलं होतं आणि प्रश्नावलीवरून दाखवलं होतं, की हो, थिअरी इथेही लागू पडते. माझ्या मशीनवरही चालतंय.

"पण पडते कुठे?" मी विचारलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमचा पूर्वेकडचा भाग कोरडा. दसरा-दिवाळी झाली की पाथर्डी, शेवगाव आणि पलीकडच्या बीडमधून टोळ्या निघतात त्या कोल्हापूर, सांगली, थेट कर्नाटकापर्यंत. निघण्याआधी मुकादम उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि ती हंगामभर तोडून फेडायची. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधणार, गाडी दोघांनी भरायची. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. मजुरी टनावर आणि हिशोब कोयत्याच्या नावावर. एक दिवस चुकला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापतात.

आता कोडं असं. काम व्हायच्या आधी हजारो रुपये देऊन टाकायचे, आणि काम कुठे, तर चार जिल्हे पलीकडच्या फडात, अंधारात. एजन्सी थिअरीप्रमाणे इथे देखरेखीवर प्रचंड खर्च व्हायला हवा. पण एका मुकादमाच्या हाताखाली एवढे कोयते असतात, आणि तो काही प्रत्येकाच्या उशाशी बसलेला नसतो. मग हे चालतं कसं?

"विश्वासावर," मी म्हटलं. वहिनी म्हणाल्या, मी पण तेच लिहिलं होतं. पण विश्वास हे त्या कोड्याचं दुसरं नाव झालं, उत्तर नाही झालं.

आजी तिथेच शेंगा फोडत बसली होती. आजी-आजोबा दोघांनी बरीच वर्षं कोयता चालवला. वडील शाळेत टिकले, मास्तर झाले, आणि म्हणून मी आज एसीत बसून कोड लिहितो. वहिनींनी तिला सहज विचारलं, "आजी, फडावर पहाटे उठवायला मुकादम यायचा का?"

"त्यो कशाला यील?" आजी म्हणाली. "त्यो त्याच्या कोपीत घोरायचा. तुझा आजसासराच उठवायचा मला. न्हाईतर म्या त्याला. उचल फिटायची व्हती न्हवं?"

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग वही काढली.

त्यांनी जे लिहिलं ते माझ्या शब्दांत असं. थिअरीतला एजंट हा एकटा माणूस असतो. तो पगार आणि कष्ट ह्यांचं गणित स्वतःच्या डोक्यात करतो. आमच्या आयटीतही तेच. अप्रेझल माणशी, बिलिंग माणशी, नोटीस पिरियड माणशी. कोयता मात्र दोन माणसांचा. उचल ठरते ती बहुतेक नवऱ्याशी, काम दोघांचं, कर्ज एकत्र. त्यामुळे एकाने आळस केला, आजारी पडला, तर दुसऱ्याला मुकादमाच्या आधी कळतं आणि मुकादमापेक्षा जास्त झोंबतं. म्हणजे देखरेखीचा खर्च वाचलेला नाही. तो कारखान्याच्या वहीतून उचलून कोपीच्या आत नेऊन ठेवलाय. तिथे तो कोणाच्याच हिशोबात दिसत नाही.

मी लगेच टाळ्या वाजवल्या. वहिनी म्हणाल्या, "थांबा भाऊजी. एका आजीवर सिद्धांत होत नाही."

बरोबर आहे. पण आता विचारायला प्रश्न मिळालाय, आणि तो चूक ठरू शकतो. अर्ध्या कोयत्याला उचल कमी मिळते हे सगळ्यांना माहीत आहे, साधं गणित आहे. पण वहिनींचं म्हणणं खरं असेल तर ती निम्म्याहूनही कमी मिळायला हवी, कारण त्याच्यावर घरातून लक्ष ठेवणारं कोणी नाही, ते मुकादमाला ठेवावं लागणार. बरोब्बर निम्मी मिळत असेल तर वहिनी चुकल्या. हा एक आकडा त्यांच्या जुन्या फॉर्ममध्ये नव्हता. तिथे 'उत्तरदात्याचे नाव' ह्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे पुरुषाचंच नाव आहे. साचा परदेशी प्रश्नावलीतून आलेला, एका नोकरीला एक माणूस असा.

ह्यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो मला टाळायचा नाही. सिद्धांताचा एवढा हट्ट कशाला? २००७ मध्ये डोनाल्ड हॅम्ब्रिक ह्या नावाजलेल्या प्राध्यापकानेच लिहिलं, की मॅनेजमेंट जर्नल्सचं थिअरीचं वेड जरा अतीच झालंय, आणि साध्या पण महत्त्वाच्या तथ्यांना तिथे जागा मिळत नाही. मला हे पटतं. शेजारच्या बीडचंच बघा. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. ह्या आकड्याला कुठल्याही सिद्धांताची वाट बघायची गरज नव्हती. 'सैद्धांतिक योगदान नाही' म्हणून तो कोणी परत पाठवला असता, तर लाज पाठवणाऱ्याची.

पण आकड्यानंतर काय? इथेच मला वाटतं वहिनींचा परीक्षक, त्याची भाषा कितीही कोरडी असली तरी, चुकीचा नव्हता. 'का' चं उत्तर तुम्ही जे द्याल त्यावर उपाय ठरतो. उत्तर 'अज्ञान' असेल तर पत्रकं वाटायची आणि शिबिरं भरवायची. उत्तर 'डॉक्टरांची हाव' असेल तर दवाखान्यांवर धाडी घालायच्या. आणि उत्तर असं असेल, की दोघांच्या कामाचा करार एकाच्या तोंडी होतो आणि दुसरीच्या आजारपणाचा खाडा दोघांच्या कर्जात जातो, त्यामुळे तिला सुट्टी मागायला समोर मालकच नाही, तर मग पहिली गोष्ट म्हणजे तिचं नाव, तिचा हिशोब, तिचं खातं वेगळं हवं. शिबिरही हवं, धाडही हवी, पण त्यांच्याने हा भाग हलणार नाही. 'सरकारने लक्ष द्यावे' ही शिफारस करायला पीएच.डी. लागत नाही. कशाकडे लक्ष द्यावे, हे सांगायला लागते.

म्हणून माझं मत आता शुक्रवारच्या बरोबर उलट आहे. आपण परदेशी सिद्धांत आणतो आणि आपली माणसं त्याच्या रकान्यात भरतो. जी बसत नाहीत ती 'इतर' मध्ये टाकतो. खरं तर तो 'इतर' चा रकानाच आपलं भांडवल आहे. कोयत्यासारखा शब्द ज्या भाषेत रोज वापरला जातो, तिथल्या संशोधकाला नोकरीचं एकक एक माणूस नसतं हे मुळात माहीत असतं. अमेरिकेतल्या प्राध्यापकाला ते माहीत असायचं काही कारण नाही. पण आपण ते लिहीत नाही, कारण ते आपल्याला संशोधन वाटतच नाही, गावाकडची गोष्ट वाटते.

मी दुसऱ्यांना कशाला बोलू? माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूमध्ये घरच्यांबद्दल विचारलं तेव्हा मी 'आजोबा शेतकरी होते' एवढंच सांगितलं होतं. तसं ते खोटं नव्हतं. पावसाळ्यापुरते होते.

रविवारी दुपारी निघालो तेव्हा वहिनी नवा फॉर्म करत होत्या. एका कोयत्याला दोन पानं, दोन नावं, आणि दोघांना वेगवेगळं बसवून विचारायचं. काम दुप्पट झालं म्हणून कुरकुरत होत्या. शीर्षकातले शेवटचे चार शब्द खोडले होते. म्हटलं, "पाथर्डी काढून टाकली की काय?"

"नाही हो," त्या म्हणाल्या. "आता आतमध्ये येईल."

असो. उद्या सोमवार, सकाळी साडेनऊला क्लायंटचा कॉल आहे. आणि हो, आजीच्या नावाचा फॉर्म मीच भरायचा असं ठरलंय, पुढच्या वेळी गेलो की.